खोट्या खबरीचा गूळ

घनसावंगी
७ जानेवारी २००२

रामकिसन,

काल पत्रकार दिनाला जालन्यात तुझा सत्कार झाला म्हणे. शाल, नारळ आणि पेपरच्या मालकाच्या हातून हार. मला बोलावणं होतं, पण जीप मिळाली न्हाई. मिळाली असती तरी आलो नसतो, हे तुला कळतंच, मंग उगी खोटं कशाला लिहू.

'सीमेवर जालन्याचा वाघ शहीद.' आठ कॉलम, वर लाल पट्टी, खाली तुझं नाव. आपल्या 'पूर्णाकाठ'नं आठ कॉलमी मथळा याआधी भूकंपाला दिल्ता. अंक मीच विकला. तालुक्याचा वार्ताहर म्हणजे बातमीदार कमी आन् पेपरवाला जास्त, हे तू जालन्याच्या कचेरीत खुर्चीवर बसलास तरी विसरला नसशील. एरवी दुपारपर्यंत टपरीवर पडून राहणारे अंक त्या दिवशी माझा चहा थंड व्हायच्या आत संपले. लोक माझ्या हातून तुझी बातमी घेत होते आन् मलाच विचारत होते, "संपतराव, तुमच्या तालुक्यातली गोष्ट, तुम्हालाच कशी कळाली न्हाई?"

काय सांगणार होतो? बोरवाडी माझ्या टपरीपासून जीपनं अर्ध्या तासावर. बद्रीनाथ बोरवाडीचा. तो फौजेत लागला तेव्हा चार ओळी मी दिल्त्या, फोटोसकट. आन् तो गेल्याची बातमी कुणी द्यावी, तर जाफराबादला कापसाच्या खरेदीवर लिहायला गेलेल्यानं. त्याच्या मामाचं घर तिथं निघालं, तू नेमका तिथून चाललेला, आतून रडण्याचा आवाज आला. नशीब म्हणावं तर ते तुझ्याच दारात का उभं राहतं कायम, हे मला अजून कळलं न्हाई.

बातमी चांगली लिहिलीस. दिल्लीत संसदेवर हल्ला झाल्यापासून सगळेच पेपर 'आता युद्ध अटळ' म्हणून ओरडून राह्यले, पण ते लांबचं होतं. तू ते आपल्या जिल्ह्यात आणून ठेवलंस. मोर्चा निघाला, बाजार बंद झाला. फक्त 'मायभूमीनं हाक दिली आणि तो धावला' हे वाक्य माझं आहे. भूकंपाच्या वेळी किल्लारीला गेलेल्या पोरांवर मी लिहिल्तं. वापर बाबा, पण विचारायचं तरी.

उषानं तुझा फोटो कापून आरशाच्या कडेला अडकवला. "रामकिसनभाऊजींनी नाव काढलं," म्हणते. माझ्या बातम्यांच्या कागदात ती भाकरी बांधते. दाढी करताना रोज तुझं तोंड बघावं लागून राह्यलं.

मालकाचा फोन आल्ता. बद्रीनाथच्या आईची मुलाखत पाहिजे, आन् तिच्या तोंडून बदल्याची मागणी आली पाहिजे. उद्या-परवा जातो. तू बैल नेलास, मी शेपूट धरतो.

संपत


घनसावंगी
१० जानेवारी २००२

रामकिसन,

खाली बस. पाणी पी. मंग वाच.

बद्रीनाथ जिवंत आहे.

बोरवाडीला गेलो तेव्हा त्याची आई द्वारकाबाई अंगणात तूर उफणीत होती. मी चपला काढल्या, हात जोडले, तोंड पाडलं. बायको बेबीनंदा चहा घेऊन आली, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. मला वाटलं, धक्क्यानं भान गेलं असेल. मी विचारू लागलो. वय काय, पलटण कोणती, शेवटची रजा कधी. आता तुझ्यापाशी काय लपवू, हे मी काही चांगला पत्रकार म्हणून विचारलं न्हाई. तुझ्या बातमीत एखादी चूक निघावी, वय चुकलेलं असावं, गावाचं नाव चुकलेलं असावं, म्हणून मी कुरतडून राह्यलो होतो. मला एखादी चूक पाहिजे होती. अख्खा माणूस मिळाला.

द्वारकाबाई म्हणाली, "शेवटची रजा कशाची भाऊ? रजा रद झाली म्हणून निघाल्ता. वडाखाली जीपची वाट बघत उभा व्हता आन् कावळ्यानं डोक्यावर पंजा मारला. मंग म्या काय करावं? आपल्यात करत्यात तेच केलं. ह्या शेजारच्या वसंताला माझ्या भावाकडं धाडलं, कारभारीकडं, जाफराबादला. म्हणलं, बद्रीनाथ मेला म्हणून सांग. पोटभर रडू दे त्यांला. रातभर रहा, आन् सकाळी गूळ देऊन खरं सांग."

वसंता शेजारीच बसलेला. मान हलवून राह्यला.

म्हणजे बघ, रामकिसन. कावळा शिवला की मरण अंगावर आलं. खोट्या खबरीवर मायेची माणसं रडली की मरणाचं पोट भरलं, ते माघारी गेलं. एवढंच होतं ते. कारभारी आन् त्याची बायको खबर खरी मानून रडत होते, आन् तू दारात उभा होतास. तू विचारलंस, "कोण गेलं?" ते म्हणाले, "फौजी भाचा." तू फोन गाठला. कशानं गेला न्हाई, कुठं गेला न्हाई, खबर आणली कुणी न्हाई. खबर आणणारा तर तिथंच ओसरीवर बसून भाकरी खात होता. 'पहाटेच्या धुक्यात शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलत' असं लिहिलंस तू. ते धुकं कुणी पाहिलं? वसंता परभणीच्या पुढं कधी गेलेला न्हाई.

सकाळी वसंतानं गूळ दिला. कारभारीनं त्याला शिव्या घातल्या, मंग हसला, मंग बसस्टँडवर गेला तर पेपरात भाचा. त्यानं कचेरीत फोन केला. "नंतर बघू," म्हणून तिथल्यांनी ठेवून दिला म्हणे.

दुसऱ्या कुणाची चूक झाली असती तर मी समजून घेतलं असतं. पण तू जाफराबादचा. जुन्या जालन्यातली आपली खोली आठवते का? तू दिवाळीला घरी गेल्तास आन् तुझ्या गावचा एक माणूस प्रेसवर येऊन म्हणाला, रामकिसन वारला. मी कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून रडलो. काकासाहेब संपादक होते तेव्हा. मी डोळे पुसून तुझी बातमी लिहायला घेतली तर त्यांनी पेन काढून घेतलं. म्हणाले, "कशानं गेला? कोण सांगतंय? मेलेला माणूस कुठं जात न्हाई संपत, उद्यापर्यंत थांब." दुसऱ्या दिवशी तुझी माय आली. झुंबरबाईनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "खबर खोटी व्हती, बाबा. कावळा शिवला व्हता त्याला." मी तो गूळ उभ्या उभ्या खाल्ला. तेव्हा मला तुझा हेवा वाटत नव्हता. तेव्हा तुझ्याकडं माझ्यापेक्षा जास्त असं काही नव्हतंच.

आता द्वारकाबाईचं म्हणणं ऐक. ती म्हणते, जेवढ्यांना रडवलं तेवढ्यांना खरं सांगावं लागतं. न्हाई सांगितलं तर ते रडणं पोराच्या अंगावर राहतं. भावाच्या घरी वसंतानं सांगितलं, ते फिटलं. "पर तुमच्या पेपरनं सारा जिल्हा रडवला. त्यांला कोण सांगंल? तुमीच सांगा. एकडाव छापा, खबर खोटी व्हती म्हणून. माझं लेकरू तिकडं बंदुकीच्या तोंडावर हाय." तिनं माझ्या पायाला हात लावला.

मी बातमी लिहिली. 'बद्रीनाथ जिवंत!' वर माझं नाव. पाकीट दुपारच्या एसटीत ड्रायव्हरच्या हातात दिलं, खिडकीतून दोनदा सांगितलं, कचेरीतच दे. रविवारच्या अंकात येईल. तुझी फजिती होईल, आन् मला वाईट वाटल्याचं नाटक जमणार न्हाई. आधीच सांगून ठेवतो.

संपत


घनसावंगी
२ फेब्रुवारी २००२

रामकिसन,

रविवार गेला. पुढचा पण गेला. मी जालन्याला गेलो.

मालकानं माझी बातमी टेबलाच्या काचेखाली ठेवलेली. चहा सांगितला. म्हणाले, "संपतराव, बस्तान बसलेली बातमी आहे. शूर जवानाला अभिवादन म्हणून चार पानं जाहिराती आल्या. आता जिवंत आहे म्हणून छापलं तर लोक आपल्यालाच गद्दार म्हणतील." मी म्हणालो, साहेब, पण तो जिवंत आहे. तर म्हणतात, "एक माणूस जिवंत निघाला म्हणून लढाईची गरज संपली का?"

मी चहा संपवून उठलो. एसटीत बसल्यावर चार उत्तरं सुचली, पण एसटीत मालक नव्हते.

निघताना तो तुमचा क्रीडा पानवाला दारात भेटला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "संपतराव, सोडा आता. सगळ्यांना कळतं तुम्ही का जळून राह्यलात." सगळ्या कचेरीला कळतं. ज्या दिवशी माझ्या हातात खरी बातमी आली, त्या दिवशी ती कुणी मानायला तयार न्हाई, कारण ती माझ्या हातात आली. मी तुझ्यावर जळतो हे खरं. म्हणून बद्रीनाथ मेला का?

फौजेच्या कचेरीतून पत्र आलं की अशी नोंद न्हाई. ते तू कसं छापलंस? 'शहिदांची संख्या सरकार लपवतंय का?' नोंद न्हाई, हाच तुझा पुरावा. मानलं तुला. असा कागद उलटा करायला मला दहा जन्म लागतील.

तू मुंबईहून टीव्हीवाले बोरवाडीला आणलेस. मी गर्दीत मागं होतो, तुला दिसलो नसेन. निळा कोट छान होता. कुठं शिवलास? द्वारकाबाई त्या माइकसमोर सरळ सांगून राह्यली होती, "माझा पोरगा जिता हाय, परवा त्याचा फोन आल्ता." आन् तू कॅमेऱ्याकडं वळून हळू आवाजात म्हणालास, "या माउलीचा अजूनही विश्वास बसत नाहीये." बेबीनंदाच्या बांगड्या दाखवल्यास. 'वीरपत्नीने बांगड्या उतरवण्यास नकार दिला.' बायामाणसं टीव्हीसमोर रडली. उषा रडली. मी तिला सांगितलं, अगं तो जिवंत आहे, मी बोललोय त्याच्याशी. तर माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला भाऊजींचं कधी चांगलं बघवलंच न्हाई."

मी बोललोय त्याच्याशी. माझ्या टपरीला लागून एसटीडीचं खोकं आहे, तिथं त्याचा फोन येतो, द्वारकाबाई अर्धा दिवस येऊन बसते. त्या दिवशी तिच्याआधी फोन आला. म्हणाला, "काका, मी मेलेलोच आहे का अजून?" हसून राह्यला. त्याच्या साहेबांनी पेपरचं कात्रण भिंतीला लावलंय म्हणे. तो सुरुंग पेरणाऱ्या पलटणीत आहे. लोकांच्या उभ्या मोहरीत डबे पुरून राह्यलेत, मालक शेतकरी बांधावर उभा राहून बघतो. मी विचारलं, "लढाई होणार का रे?" तर म्हणाला, "आम्हाला कोण सांगतंय? तुमच्या पेपरात काय आलंय?"

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. माझ्याकडं एवढं चांगलं वाक्य आहे आन् छापायला जागा न्हाई.

आन् तुझा फोन. कचेरीतून नंबर घेऊन माझ्या टपरीवर फोन केलास, मला वाटलं आता तरी. तू म्हणालास, "भाऊ, तो जिवंत आहे हे मला पण कळलंय. पण आता माझ्या हातात काही न्हाई. आन् तू जळणं थांबव, तब्येतीला बरं न्हाई." म्हणजे तुला माहीत आहे. मी तुला निदान अडाणी समजत होतो.

तुला मुंबईला घेतलं म्हणे, त्याच वाहिनीवर. पेढे मिळाले. साखर जास्त होती.

संपत


घनसावंगी
२६ मे २००२

रामकिसन,

पत्राला उत्तर देत न्हाईस. हरकत न्हाई. मी तुला रोज आठच्या बातम्यांत बघतो. बघायचं न्हाई म्हणतो आन् सव्वासातपासून शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसतो.

जम्मूकडं फौजींच्या घरांवर हल्ला झाला, बाया-लेकरं मेली. वाईट झालं. तेव्हापासून तुमचं सगळ्यांचं पुन्हा सुरू झालं. पडद्यावर नकाशा, नकाशावर लाल बाण, बाणासमोर तू. दिल्लीत मोठ्या साहेबांच्या बैठकीत तुला पुढची खुर्ची मिळाली, ते पण दाखवलं. रामकिसन, त्या खुर्चीपायी माझी झोप उडाली. आपण खोलीत एका कंदिलाखाली बसून काय काय बोलायचो, मोठ्या माणसाला समोर बसवून काय विचारायचं. आन् तुला ती खुर्ची मिळाली, माईक मिळाला, आन् तू विचारलंस, "जवानांचं मनोबल कसं आहे?" बस. लढाई कशासाठी, ती झाली म्हणजे हल्ले थांबतील हे कोण म्हणतं, पाच महिने माणसं सीमेवर उभी करून काय मिळालं, यातलं काहीच न्हाई. तुझ्या बाजूला बसलेल्यांनी पण न्हाई. मला ती खुर्ची दिली असती तर मी विचारलं असतं. कुणास ठाऊक, कदाचित मी पण मनोबलच विचारलं असतं, आन् उषानं माझा फोटो आरशाला लावला असता. पण मला विचारून बघायला मिळालं न्हाई, हेच डोळ्यात खुपतं.

परवा तर तू कहर केलास. मागं बद्रीनाथचा फोटो मोठा करून लावला, हार घातलेला. तू म्हणालास, "माझ्या मातीतला हा वाघ, याचं रक्त वाया जाणार का?" आन् तुझा आवाज भरून आला, डोळ्यांत पाणी आलं, तू चष्मा काढला. ओसरीवरचा एकजण म्हणाला, "आता एकदाचं होऊनच जाऊ द्या." मी बाजूला द्वारकाबाईकडं बघितलं. ती फोनची वाट बघून थकून तिथंच येऊन बसलेली. तिनं मला विचारलं, "हा खरंच रडला का?"

मी म्हणालो, "दिसतंय तर तसंच."

"मंग ह्याला पण सांगावं लागंल," म्हणाली.

तिचं काय चाललंय ते तुला माहीत नसेल. तुम्ही छापत न्हाई म्हटल्यावर ती स्वतः निघाली. पिशवीत गूळ आन् वसंता संगं. ज्या गावात मोर्चा निघाल्ता, ज्या शाळेनं दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं, ज्या बायांनी तिच्या दारात येऊन गळा काढला, तिथं तिथं जाते. हातावर खडा ठेवते, म्हणते, "खबर खोटी व्हती. माझा बद्रीनाथ जिता हाय." एसटीच्या तिकिटाला पैसे नसले की चालत. उन्हाचं. घनसावंगीच्या चौकाला त्याच्या नावाची पाटी लावली ना, 'शहीद बद्रीनाथ चौक', तिथं उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गूळ देते. काहीजण घेतात. काहीजण तिच्याच पाया पडतात आन् पुढं जातात. एक मास्तर मला म्हणाला, "बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, कुणीतरी दवाखान्यात न्यायला पाहिजे." मी त्याला म्हणालो, मास्तर, ती खरं सांगून राह्यली. तो म्हणाला, "तुम्ही म्हणणारच."

मी तिच्यासंगं चार गावं फिरलो. टपरी उषानं सांभाळली, तोंड फुगवून. जाफराबादला पण गेलो. तुझ्या घरी गेलो. झुंबरबाई आता कमी बघते. द्वारकाबाईनं तिला काय झालं ते सांगितलं. तुझ्या मायनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "त्याला माहीत न्हाई का हे? त्याच्यापायी म्या किती घरं फिरले व्हते." तिनं गूळ घेतला, पदराला बांधला. खाल्ला न्हाई.

तुला एकच मागणं आहे. आठच्या बातम्यांत एकदा म्हण, बद्रीनाथ जिवंत आहे. एक वाक्य. माझं नाव घेऊ नको, मी छापलं असतं तर जास्त छान झालं असतं हे मला माहीत आहे, पण ते पण सोडलं. तू म्हण. तुझ्या एका वाक्यात साऱ्या महाराष्ट्राला गूळ जाईल आन् त्या बाईचे पाय थांबतील. श्रेय तुलाच घे. तसंही तूच घेतोस.

संपत


घनसावंगी
२ जानेवारी २००३

रामकिसन,

तुझ्या सत्काराची पत्रिका मिळाली. सोनेरी अक्षरं. सहा तारखेला पत्रकार दिन, नवीन जालन्यात, 'निर्भीड पत्रकारिता' म्हणून. मानपत्र, चांदीचं पेन, आन् खर्च बियाणंवाल्यांचा असेल. पत्रिका उषानं आरशाला लावली, तुझ्या फोटोच्या खाली. आता मला तोंड बघायला फक्त हनुवटीएवढी जागा उरली.

लढाई झाली न्हाई. तू त्याबद्दल काही बोलला न्हाईस. वर्षभर 'अटळ, अटळ' म्हणून राह्यलात, मंग दिवाळीच्या सुमाराला माणसं माघारी फिरवायचं ठरलं, आन् तुम्ही सगळे दुसऱ्या बातमीकडं वळलात. कुणी कुणाला विचारलं न्हाई, ती अटळ लढाई कुठं गेली म्हणून.

माणसं माघारी फिरायची म्हणजे पेरलेले सुरुंग आधी वेचावे लागतात. बद्रीनाथची पलटण मागं थांबली. वाळूत डबे जागचे सरकतात म्हणे, पेरले तिथं सापडत न्हाईत. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच्या साथीदारानं मला फोन केला. मी ते द्वारकाबाईला सांगायला बोरवाडीला गेलो. रामकिसन, या वेळी मी खूप प्रश्न विचारले. कशानं, कुठं, कोण सांगतंय, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं का. देवाशपथ, खबर खोटी निघावी म्हणून विचारले.

खरी होती. डावा पाय गुडघ्याखाली न्हाई. तो जगला.

मी बातमी लिहिली, पाकीट एसटीत दिलं, आन् वाट बघितली न्हाई, संगंच जालन्याला गेलो. मालकानं वाचली. डोक्याला हात लावला. म्हणाले, "संपतराव, तुम्हीच सांगा. शहीद झालेला माणूस जखमी कसा होईल? चौकाला त्याचं नाव आहे." मी म्हणालो, नाव काढा. ते म्हणाले, "पाटीचं उद्घाटन कुणी केलं माहीत आहे ना?" बातमी आली न्हाई. पेपरात बद्रीनाथ अजून मेलेलाच आहे. म्हणून त्याचा पाय पण कुणाला माहीत न्हाई, आन् मदतीच्या अर्जावर शिपाई हसून म्हणतो, ह्या नावाचा माणूस तर वारला.

मला वाटलं द्वारकाबाई मला बोल लावेल. तिनं लावला न्हाई. म्हणाली, "अर्ध्यांला सांगून झालं व्हतं, म्हणून जीव वाचला. अर्धे राहिले, त्यांचं रडणं पायावर आलं." मी म्हणालो, मावशी, असं काही नसतं, सुरुंगानं नेला पाय. तिनं माझ्याकडं बघितलं आन् पिशवीत गूळ भरू लागली. मी तिला काय समजावणार? तिच्या हिशेबात निदान खोटी खबर पसरवणाऱ्यानं ती माघारी घ्यायची असते. आपल्या धंद्यात तेवढं पण न्हाई.

आता सहा तारखेचं सांगतो.

आम्ही येऊन राह्यलो. जीप ठरवली, या वेळी बराबर मिळाली. पुढच्या रांगेत चार खुर्च्या ठेव. एक माझी. मी अजून जळतो तुझ्यावर, त्यात बदल न्हाई. ते चांदीचं पेन बघून जास्तच जळेन. एक वसंताची, खबर आणणारा हाच म्हणून, तू तेव्हा त्याला बघितलं न्हाईस. एक बद्रीनाथची, दवाखान्यातून परवाच घरी आलाय. त्याच्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडायला सांग, कुबड्या ठेवायला लागतात. तो म्हणाला, "काका, माझ्या सत्काराला मी पाहिजेच की."

चौथी द्वारकाबाईची. तिला भाषण करायचं न्हाई, भिऊ नको. ती कुणाला काही बोलणार न्हाई. तुला हार घालून झाले की ती स्टेजवर चढेल. कुणी अडवलं तर तू सांग, माझ्याकडं आलीये. ती म्हणते, तू टीव्हीवर रडलास, साऱ्या लोकांनी बघितलं, मंग तुला सांगावंच लागतं. खरं रडलास का खोटं, ते तिनं विचारलं न्हाई.

ती तुझ्या हातावर गुळाचा खडा ठेवेल आन् म्हणेल, "खबर खोटी व्हती, बाबा."

तुझ्या मायनं मला दिलेला मी तिथंच उभ्यानं खाल्ला होता. तू पण खा. माईकसमोर खा.

संपत